माथा १४० मीटर उरला असताना परत फिरले. चुकलं का माझं?

नोंदवही

नमस्कार. वय ४८, नोकरी नर्सची. दिवस दिवस पायांवर उभं राहायची सवय आहे, त्यामुळे चालण्याची धास्ती कधी वाटली नाही. मागच्या महिन्यात नणंद (वय ४४) आणि तिचा मुलगा (वय २२) यांच्याबरोबर जंगलातल्या एका डोंगरावर गेले होते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ८.५ किलोमीटर, चढ एकूण ११५० मीटर. वाट जवळजवळ सगळी दाट झाडीतून जाते, फक्त शेवटची धार उघडी आहे.

ड्युटीवर सगळं वेळ टाकून लिहायची सवय असल्यामुळे इथेही छोटी वही खिशात होती. त्यातलं जसंच्या तसं देते:

७:४० निघालो.
८:३५ ओढा. २.४ किमी, चढ १५०.
१०:०५ मोठा सपाट दगड. ४.६ किमी, चढ ४८०.
११:४० आडवं पडलेलं झाड. ६.३ किमी, चढ ७९०. उभ्याउभ्या खाल्लं.
१२:५५ झाडी संपली. ७.६ किमी, चढ १०१०.
१:१० परत फिरलो.
६:०५ खाली. (सूर्यास्त ६:२०.)

१२:५५ ला काय झालं ते सांगते. झाडी विरळ होत गेली, समोर आभाळ दिसायला लागलं आणि भाचा पुढून ओरडला, "मामी, आलो!" आम्ही दोघी उरलासुरला दम गोळा करून वर पोचलो आणि बघतो तर तो माथा नव्हताच. पुढे धार गेलेली होती आणि तिच्या टोकाला, आणखी १४० मीटर उंचावर, खरा माथा. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो मी विसरणार नाही.

आणि वारा. सकाळपासून झाडांच्या आत होतो, पान हलत नव्हतं, घामाने कपडे पाठीला चिकटलेले. बाहेर आल्याबरोबर तोच घाम गार पडला. पाच मिनिटांत नणंदेला तिच्या सॅकचं बक्कल लागेना. दोनदा, तीनदा प्रयत्न केला, मग तिने पट्टा तसाच सोडून दिला आणि गप्प बसली. ती एरवी गप्प बसणारी बाई नाही. बोटं ऐकेनाशी होणं आणि माणूस अबोल होणं, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की काय समजायचं ते मला ठाऊक आहे. तिला माझं जाकीट घातलं, तिघांनी मिळून एकच टॉर्च आणला आहे हेही तेव्हाच लक्षात आलं, आणि मी म्हटलं, परत.

भाचा काही बोलला नाही, पण उतरताना तीन वेळा मागे वळून बघितलं त्याने. त्यानंतर घरात विषय निघाला की तो म्हणतो, "मामी, वीस मिनिटांचं काम होतं." मी त्याच्यावर रागावलेली नाही, पण ते वाक्य डोक्यातून जातही नाही.

उतरताना डावा गुडघा इतका दुखला की शेवटचे दोन किलोमीटर मी आडवी, खेकड्यासारखी उतरले. त्या पडलेल्या झाडापाशी वाट चुकलो, त्यात ३५ मिनिटं गेली. साडेपाचलाच झाडीत असा अंधार झाला की पायाखालचं मूळ की दगड ते कळेना, वर आभाळ मात्र अजून उजळ होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा जायचं आहे. मला जाणून घ्यायचं आहे की परत फिरणं बरोबर होतं का, चढताना आम्ही एवढे मंद का पडलो, आणि या गुडघ्याचं काय करायचं. रोज आठ तास उभी राहणारी मी, मला वाटलं होतं पाय तयार आहेत.

---

उंच_पाऊल

ताई, मी असतो तर गेलो असतो. १४० मीटर म्हणजे खरंच फार नाही. माझा अनुभव असा की शेवटच्या टप्प्यात मन आधी हरतं, पाय नंतर. पाच मिनिटं बसायचं, काहीतरी गोड खायचं, कोरडा कपडा चढवायचा आणि चालू पडायचं. दोन वर्षांपूर्वी मीही असाच एका डोंगरावरून परत फिरलो आणि अजून त्याची रुखरुख आहे. तुमच्या भाच्याचं म्हणणं मला समजतं.

---

धारेवरून

ताई, वहीतल्या वेळा दिल्यात हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक "खूप दमलो, उशीर झाला" एवढंच लिहितात, त्यावरून काही सांगता येत नाही. तुमची वही मात्र सगळं सांगते. मी गेली २० वर्षं जंगलातल्या वाटांवर लोकांना घेऊन जातो आणि एकदा एका गटाला अंधारात अडकवून बसलो आहे, रात्र तिथेच काढावी लागली. तेव्हापासून मी किलोमीटर मोजायचं सोडलं आणि तास मोजायला लागलो.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला: दर ३ मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २००० फुटांना वर आणखी एक तास. आपल्या मापात साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास. तुमच्या डोंगराला लावून बघा. ८.५ किलोमीटरचे १ तास ४२ मिनिटं, ११५० मीटरचे १ तास ५५ मिनिटं. एकूण ३ तास ३७ मिनिटं. हा वेळ चांगली वाट, तगडा माणूस आणि न थांबता चालणं धरून आहे. मुळ्या, ओले दगड, पालापाचोळा आणि घसारा असलेल्या जंगलवाटेवर मी तो कधीच जसाच्या तसा धरत नाही, कमीत कमी दीडपट करतो.

आता हाच हिशोब तुमच्या एकेका टप्प्याला लावला. ओढ्यापर्यंत हिशोबाने ४४ मिनिटं, तुम्हाला लागली ५५, म्हणजे सव्वापट. ओढा ते दगड हिशोबाने ५९, तुम्हाला ९०, म्हणजे दीडपट. दगड ते झाड हिशोबाने ५१, तुम्हाला ९५, पावणेदोनपटीच्याही वर. आणि शेवटचा टप्पा हिशोबाने ३८, तुम्हाला ७५, म्हणजे दुप्पट.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचा चढ जवळजवळ सारखाच आहे, शंभर मीटर चाललं की १५ ते १८ मीटर वर. डोंगर अवघड होत गेला नाही, तुम्ही रिकाम्या होत गेलात. याचं मूळ मला पहिल्या ५५ मिनिटांत दिसतं. सकाळचा गारवा, ताजे पाय, पुढे २२ वर्षांचा मुलगा, आणि वाट अजून सोपी. माणूस हमखास जोरात निघतो. धाप लागेल असं चाललं की शरीर स्नायूंतली साठवलेली साखर झपाट्याने वापरतं, आणि तो साठा काही तासांचाच असतो. त्यावर तुम्ही पहिल्यांदा खाल्लंत ते ११:४० ला, चार तासांनी, तेही उभ्याउभ्या. तोवर साठा तळाला गेलेला असणार.

माझा नियम असा: पहिला तास इतकं हळू चालायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की पाऊल आखूड करायचं, थांबायचं नाही. आणि भूक लागायची वाट न बघता दर पाऊण तासाला दोन घास. गटात सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं. तुमच्याकडे भाचा पुढे होता. त्याला मागे ठेवलं असतं तर तुम्ही तिघंही लवकर पोचला असता.

आता परत फिरण्याबद्दल. उंच_पाऊल यांची रुखरुख मला कळते, मीही ती भोगली आहे, पण इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. उरलेला पल्ला ०.९ किलोमीटर आणि १४० मीटर. नेस्मिथच्या हिशोबाने २५ मिनिटं, म्हणून भाच्याला वीस मिनिटं वाटली. पण तुम्ही त्या वेळी हिशोबाच्या दुप्पट वेळ घेत होतात, म्हणजे ५० मिनिटं. दोन वाजता माथा. वर पंधरा मिनिटं, आणि उघड्या धारेवरून त्याच जागी परत यायला अर्धा तास. पावणेतीन. म्हणजे तुमच्या खाली पोचण्याच्या वेळेत १ तास ३५ मिनिटांची भर. ६:०५ चे ७:४० झाले असते. सूर्यास्त ६:२०, झाडीतला अंधार साडेपाचचा. दोन तासांहून जास्त वेळ तीन माणसं, एक टॉर्च, एक दुखरा गुडघा आणि एक गारठलेली बाई. आणि ही वेळ उजेडातल्या वेगाने काढली आहे, अंधारात तो वेग राहत नाही.

नणंदबाईंच्या बोटांबद्दल तर बोलायलाच नको, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. एवढंच सांगतो की दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं, म्हणजे तुमच्या माथ्यावर पायथ्यापेक्षा सात-साडेसात अंश कमी. त्यात वारा आणि ओला सुती कपडा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि सुकेपर्यंत अंगातली ऊब ओढत राहतं. झाडी संपायच्या दहा मिनिटं आधी, आडोशातच, थांबून कोरडा सदरा आणि वर वारा अडवणारं जाकीट घाला. बाहेर पडल्यावर घालू म्हटलं की उशीर झालेला असतो.

परत फिरण्याची वेळ घरी ठरवायची. कागदावर लिहायची आणि तिघांनी मान्य करायची. वर गेल्यावर, माथा डोळ्यांसमोर असताना, कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. माझंही नसतं. मी ती मागून येत काढतो: झाडीत अंधार होण्याच्या तासभर आधी खाली पोचायचं, त्यातून उतरायचे तास वजा करायचे. जी वेळ येईल तिला जिथे असू तिथून फिरायचं, माथा दहा मीटरवर असला तरी.

गुडघ्याचं उद्या लिहितो, ते मोठं आहे.

---

ओढ्याकाठी

तुम्ही पडलेल्या झाडापाशी चुकलात हे वाचून नवल वाटलं नाही. जंगलात वाट चुकते ती बहुतेक अशाच जागी. झाड आडवं पडलं की प्रत्येक जण आपापल्या सोईने वळसा घालतो. काही दिवसांत झाडाभोवती चार-पाच पाऊलखुणा तयार होतात आणि त्यातल्या दोन तरी पुढे जनावरांच्या वाटेला मिळतात. चढताना हे जाणवत नाही, कारण वर जायचं एवढं माहीत असतं आणि सगळ्या सोंडा वर एकत्र येतात. उतरताना उलट, एका धारेवरून चार सोंडा फुटतात आणि प्रत्येक सोंड तितक्याच विश्वासाने खाली बोलावते.

याला माझा एकच उपाय आहे आणि तो मी न चुकता करतो. चढताना अशा प्रत्येक जागी थांबून मागे वळून बघायचं. येताना जे दिसणार आहे ते आत्ता बघून ठेवायचं. फोटो काढायचा तर तोही मागच्या बाजूचा. तीच जागा दोन बाजूंनी दोन वेगळ्या जागा वाटतात, हे एकदा करून बघितलं की पटेल.

आणि "अंदाजाने सरळ खाली जाऊ" हे कधीच नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना मोठ्या सपाट जंगलात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांचा माग ठेवला. ऊन होतं तेव्हा ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलेलं होतं तेव्हा ती गोल गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली आणि त्यांना ते कळलंही नाही. दाट झाडीत सूर्य दिसत नाही, तेव्हा आपलंही तेच होतं.

वाट गेली असं वाटलं की तिथल्या तिथे थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची खात्रीची जागा कुठली ते आठवा आणि तिथवर परत जा, चढावं लागलं तरी. ओढ्याच्या कडेकडेने खाली जाऊ नका. पाणी सगळ्यात जवळच्या वाटेने खाली जातं आणि त्या वाटेत कडे असतात.

मोबाइलवर नकाशा आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. रेंज शोधण्यात बॅटरी संपते, जीपीएस मात्र रेंजशिवाय चालतं. ओल्या दाट झाडीत आणि दरीत नकाशावरचा ठिपका इकडेतिकडे उडतो, तेव्हा दोन मिनिटं एका जागी उभं राहून मगच त्यावर विश्वास ठेवा. आणि प्रत्येकाकडे स्वतःची शिट्टी, स्वतःचा हेडटॉर्च. आल्प्स पर्वतात रूढ झालेला संकटाचा इशारा मिनिटाला सहा शिट्ट्यांचा आहे, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. त्याला उत्तर तीन शिट्ट्यांचं. घसा तासाभरात बसतो, शिट्टी बसत नाही.

---

धारेवरून

गुडघ्याचं लिहितो म्हटलं होतं.

ताई, उभं राहायची सवय आणि उतरायची सवय यांचा एकमेकींशी संबंध नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन तुम्हाला उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो, आणि लांबत असतानाच त्याला तुमचं सगळं वजन रोखून धरायचं असतं. ब्रेक दाबून गाडी उतारावरून सोडावी तसं. या कामात दम लागत नाही म्हणून माणसाला वाटतं की सोपं चाललंय. पण स्नायूच्या आत बारीक बारीक इजा होत असतात, त्याची ताकद कमी होत जाते, आणि स्नायू ब्रेक लावेनासा झाला की धक्का थेट गुडघ्यात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकल्या असतील बघा. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या.

यातली चांगली गोष्ट अशी की हा स्नायू फार लवकर शिकतो. उतरण्याचा व्यायाम एकदा जरी नीट केला तरी पुढचे काही आठवडे तोच ताण त्याला बराच कमी बाधतो. म्हणून व्यायाम उतरण्याचाच करा. लोक जिना चढतात आणि लिफ्टने खाली येतात. तुम्ही लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. हळू, प्रत्येक पायरीवर मागचा पाय वाकवत, पाऊल आपटू न देता. टाचेचा आवाज आला तर वेग जास्त आहे असं समजा. आठवड्यातून दोनदा पुरे, मधे आराम. महिन्याभराने पाठीवर सॅक घ्या, पाच किलोपासून.

डोंगरावर दोन काठ्या न्या. चढताना आखूड, उतरताना थोड्या लांब करायच्या आणि पायाच्या आधी खाली टेकवायच्या, म्हणजे वजनातला काही भाग हातांवर येतो. पाऊल आखूड. गुडघा कधीच ताठ ठेवून टेकवायचा नाही. आणि मुळ्यांवर पाय देऊ नका. शेकडो लोकांचे बूट घासून मुळाची साल निघालेली असते, आतलं लाकूड गुळगुळीत आणि दवाने ओलं, त्यावर कुठलाही बूट टिकत नाही. पाय दोन मुळांच्या मधल्या मातीत टाका. जिथे मुळावर द्यावाच लागेल तिथे मूळ पायाला आडवं येईल असा द्या, लांबीच्या दिशेने नको.

गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा मधेच लुळा पडत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. ते व्यायामाने जाणारं दुखणं नाही.

---

उंच_पाऊल

धारेवरून, तुमचा हिशोब दोनदा वाचला. मी लिहिताना फक्त ताईंचा आणि भाच्याचा विचार केला होता, नणंदबाईंचा केलाच नव्हता. सॅकचं बक्कल लागत नाही हे वाक्य मी वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. ताई, माझं मत मी मागे घेतो.

एक विचारायचं होतं. दुपारी ढग जमून गडगडाट सुरू झाला तर उघड्या धारेवर किती वेळ हाताशी असतो?

---

धारेवरून

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही धारेवर असायला नको. लगेच खाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास धारेवर परत जायचं नाही. झाडीत उतरल्यावर एकट्या उंच झाडाखाली उभं राहू नका, सारख्या उंचीच्या झाडांमध्ये राहा, आणि तिघं एकत्र न थांबता एकमेकांपासून अंतर ठेवा. ढग बहुधा दुपारनंतर उभे राहतात. लवकर निघण्याचं हेही एक कारण.

---

नोंदवही

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला धारेवरून यांचा हिशोब वाचायला दिला. त्याने कॅल्क्युलेटर काढून स्वतः करून बघितला. "वीस मिनिटं" हे शब्द त्यानंतर घरात आलेले नाहीत. गुडघ्याला सूज नाही, अडकत नाही. उद्यापासून जिना.

---

नोंदवही

तीन महिन्यांनी लिहिते आहे. शनिवारी जाऊन आलो, तिघंही.

तयारीचं आधी सांगते, कारण मला सगळ्यात जास्त फरक तिथे पडला. आमच्या वॉर्डाच्या इमारतीला पाच मजले आहेत. ड्युटी संपली की लिफ्टने वर, जिन्याने खाली, सुरुवातीला चार वेळा, शेवटी बारा वेळा. पहिल्या दिवसानंतर मांड्या अशा भरून आल्या की तिसऱ्या दिवशी कठड्याला धरून उतरत होते. पुढच्या आठवड्यात तेवढंच केलं आणि निम्मंही दुखलं नाही. धारेवरून यांनी लिहिलं होतं म्हणून घाबरले नाही, नाहीतर तिथेच सोडलं असतं. टाचेचा आवाज ही खूण फार कामाची आहे. रात्री जिन्यात शांतता असते, आपलं पाऊल आपल्यालाच स्पष्ट ऐकू येतं.

परत फिरण्याची वेळ दुपारी १२:४५ ठरवली होती. भाच्याने ती त्याच्या मनगटावर पेनाने लिहिली.

६:१० निघालो. अर्धवट उजेड, हेडटॉर्च लावून.
७:१० ओढा.
८:३५ सपाट दगड.
१०:०० पडलेलं झाड.
११:०५ झाडी संपायच्या आधी.

नणंद सगळ्यात पुढे, मी मधे, भाचा शेवटी. ओढ्यापर्यंत मागच्या वेळी ५५ मिनिटं लागली होती, या वेळी मुद्दाम ६० लावली. मला सारखं वाटत होतं की आपण फार रेंगाळतोय. नणंद पहिला तासभर न थांबता बोलत होती, म्हणजे वेग बरोबर होता. त्या धारेपर्यंत मागच्या वेळेपेक्षा २० मिनिटं कमी लागली, हळू निघूनसुद्धा. दर पाऊण तासाला भाच्याच्या फोनचा गजर वाजायचा आणि तो आम्हाला खायला लावायचा. एकदा नणंद म्हणाली भूक नाही, तर तो तिथेच उभा राहिला, ती खाईपर्यंत हलला नाही.

पडलेल्या झाडापाशी मागे वळून बघितलं आणि कळलं मागच्या वेळी काय झालं होतं. चढताना आपण झाडाच्या मुळांकडून वळसा घालतो, तिथे मातीचा मोठा उघडा ढेकूळ आहे, मुळांत अडकलेला. मागे बघितलं तर तो ढेकूळ दिसतच नाही. बुंध्याआड जातो. दिसते ती शेंड्याकडून जाणारी दुसरी, जास्त मळलेली वाट. आम्ही त्याच वाटेने गेलो होतो. फोटो काढला, आणि परतताना त्या फोटोकडे बघून उजवीकडे वळलो. एक मिनिटही गेलं नाही.

झाडी संपायच्या आधी दहा मिनिटं थांबलो. ओले कपडे काढून कोरडे घातले, वर जाकिटं. मला ते सगळं उगाच वाटत होतं, कारण आत उकडत होतं. मग बाहेर आलो आणि तोच वारा. नणंदेने माझ्याकडे बघून सॅकचं बक्कल दोनदा उघडून दोनदा लावून दाखवलं.

पुढची धार मागच्या वेळी जेवढी भयंकर दिसली होती तेवढी दिसली नाही. लांबी तीच होती. शेवटी थोडं हाताने धरून चढावं लागतं, दगड सुटे आहेत, एकेक हलवून बघत गेलो. माथ्यावर दगडांचा एक ढीग आहे आणि त्याच्या आडोशाला तिघं कशीबशी बसतील एवढी जागा. एका बाजूला ढग होता, दुसऱ्या बाजूला आम्ही आलो ती सगळी सोंड खाली उलगडलेली. सपाट दगड शोधत होतो, झाडांत दिसला नाही. ओढा कुठे असेल ते गडद हिरव्या रेघेवरून कळत होतं.

वर २५ मिनिटं बसलो. १२:२० ला उतरायला लागलो, ४:३० ला खाली. गुडघा दुखला, पण शेवटच्या किलोमीटरला आणि थोडाच, सरळ चालत उतरले. मुळ्यांवर एकदा घसरले, अगदी खालच्या टप्प्यात, ओढा ओलांडल्यावर, गप्पांच्या नादात. काठी होती म्हणून बसले नाही.

माथ्यावरची वेळ वरच्या यादीत लिहायची राहिली असं वाटेल. वही काढली होती, पण वाऱ्याने पानं उडत होती आणि हातमोजे काढायचा मला कंटाळा आला होता. भाच्याने माझ्या हातातून वही घेतली, गुडघ्यावर दाबून धरली आणि त्याच्या अक्षरात लिहिलं: ११:५५, माथा. मामी, आई, मी.